अलार्म उगाच बोंबलतोय? पॅनल बदलायच्या आधी हे करून बघा

मागच्या नवरात्रात अष्टमीच्या रात्री साडेअकराला फोन आला, मांडवीजवळ ओळखीच्या एका काकांचं कापडाचं दुकान आहे त्यांचा. "अरे बाबा ये लवकर, ते चोरीच्या अलार्मचं पॅनल गेलंय कामातून, तिसऱ्यांदा वाजलं, अख्खी पोळ (म्हणजे गल्ली) जमा झालीय." अष्टमीला साडेअकरा वाजता बडोद्यात झोपलेलं कोण असतं हा प्रश्न वेगळा, पण गेलो. दुकानापासून शंभर पावलांवर गरबा चालू, स्पीकरच्या भिंती रचलेल्या, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला शटर थरथरतंय. शटरच्या आत लावलेला व्हायब्रेशन सेन्सर बिचारा इमानदारीत काम करत होता. त्याचा सेन्सिटिव्हिटीचा बारका स्क्रू अर्धा फेरा कमी केला, संपलं. काकांनी मात्र तोवर नवीन पॅनलचा भाव काढून ठेवला होता.

तर हे लिहायचं कारण हे की लोक सगळ्यात आधी पॅनललाच, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पेटीलाच, नावं ठेवतात, कारण ते भिंतीवर दिसतं आणि त्याचे दिवे लुकलुकतात. मी बरीच वर्षं अलार्म आणि कॅमेऱ्याचीच कामं करतोय, पॅनलचं कार्ड (आतलं सर्किट) खरोखर जळालंय असं फार कमी वेळा निघतं. दुखणं असतं बॅटरीत, एखाद्या सैल जॉइंटमध्ये, उंदराने कुरतडलेल्या वायरीत, नाहीतर पीआयआरवर (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर) घर केलेल्या पालीत. ते शोधायची एक रीत आहे आणि ती अवघड नाही, घरी बसून करता येते.

सामान काय लागेल: साधा डिजिटल मल्टीमीटर, बारीक तोंडाचा डिसमिस (बडोद्याबाहेरच्यांसाठी, स्क्रू ड्रायव्हर), दोन-चार रेझिस्टर (करंट अडवणारे बारके पट्टेदार तुकडे, कितीचे ते पुढे सांगतो), शिडी, शिडी धरायला माणूस, आणि कानात घालायला कापूस. कापूस मस्करीत नाही सांगत, बंद खोलीत हूटर (अलार्मचा भोंगा) तोंडाशी वाजला की अर्धा तास कानात शिट्टी वाजते.

आधी विचारा, मग हात लावा

वाजलं की काय होतं, घरातला एक जण कोड मारतो, दुसरा पुन्हा आर्म (अलार्म चालू) करून बघतो, तिसरा पिनच उपटतो, आणि मी पोचतो तेव्हा कुणालाच सांगता येत नाही की नक्की कुठला झोन, म्हणजे कुठल्या सेन्सरची वायर, वाजला होता. बऱ्याच पॅनलमध्ये पुढच्या वेळी आर्म केलं की अलार्म मेमरी पुसली जाते, म्हणून आधी कीपॅडवर झोनचा नंबर बघा आणि मोबाईलने फोटो काढा. डीएससी कंपनीच्या जुन्या पॉवर सीरिजमध्ये स्टार दाबून ३ केलं की कुठला झोन वाजला ते दिसतं आणि स्टार दाबून २ केलं की बिघाडाच्या पिवळ्या दिव्याचं कारण दिसतं. तिथे २ नंबरचा दिवा लागला म्हणजे मेनची लाईट नाही, ३ म्हणजे टेलिफोन लाईन नाही, ७ म्हणजे वायरलेस सेन्सरची बॅटरी उतरली, ८ म्हणजे तारीख-वेळ गेली. १ लागला तर परत १ दाबायचं, आत आणखी यादी उघडते, त्यात पॅनलची बॅटरी, हूटरची वायर वगैरे येतं. दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळे असतील, मॅन्युअल फेकून दिलं असेल तर मॉडेल नंबर टाकून शोधा, पीडीएफ मिळतेच.

हा ८ नंबर बघून लोक घाबरतात. काही नाही, लाईट आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर घड्याळ शून्यावर येतं, वेळ टाकली की दिवा विझतो.

पेटी उघडायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, पॅनलमधून ज्यांना ज्यांना फोन जातो त्यांना सांगून ठेवा की टेस्टिंग चाललंय, नाहीतर सासरे रिक्षा करून येतात. दुसरी, पेटीत ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट आहेत, तर मेनचा खटका बंद करून पिन काढूनच आत हात घालायचा, आणि बॅटरीची लाल-काळी वायर एकमेकांना लागू द्यायची नाही, ठिणगी उडते आणि कधी कधी कार्डाचा फ्यूजही घेऊन जाते.

लाईट आणि बॅटरी

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. पॅनलची पिन ज्या बोर्डात आहे तो बघा, खटका चालू आहे ना? दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी बंद करतं, किंवा मोबाईल चार्जिंगला लावायला पॅनलचा अडॅप्टर काढून ठेवतं. त्या दिवशी काहीच होत नाही कारण बॅटरी सांभाळून घेते. हिशोब करा, पॅनल, एक कीपॅड आणि सहा पीआयआर मिळून समजा ३०० मिलीअँपिअर ओढतात, बॅटरी ७ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर तेवीस-चोवीस तास आणि जुनी असेल तर त्याच्या अर्धेही नाहीत. म्हणून सकाळी काढलेल्या पिनेची बोंब रात्री दोन वाजता होते आणि सकाळचं कुणाला आठवत नाही.

बॅटरी तपासताना लोक एक चूक करतात, लाईट चालू ठेवून मीटर लावतात, १३.६ दिसतं आणि म्हणतात मस्त आहे. अहो ते चार्जरचे व्होल्ट आहेत, बॅटरीचे नाहीत. चार्जर ठीक आहे एवढंच त्यातून कळतं (साडेतेरा ते पावणेचौदाच्या मध्ये हवं). बॅटरी बघायची तर तिला काम द्यायला लागतं. मी स्कूटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकलाईटचा बल्ब वायर सोल्डर करून जवळ ठेवलाय, तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. चार्ज झालेली बॅटरी पॅनलमधून सोडवून त्यावर पंधरा मिनिटं तो बल्ब लावा, मीटर बघत राहा, ११.५ च्या खाली घसरली तर ती बॅटरी गेली, तिच्याकडून चोराच्या रात्री काही अपेक्षा ठेवू नका. बल्ब तापतो, हाताने धरू नका.

या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं चालतात असं म्हणतात, पण ते २५ डिग्रीच्या हिशोबाने, आणि गरमी साधारण दहा डिग्रीने वाढली की आयुष्य अर्ध्यावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस असतं आणि पॅनल असतं जिन्याखालच्या बंद कपाटात इन्व्हर्टरच्या शेजारी, मग दोन वर्षांत बॅटरी फुगली तर नवल काय. फुगलेली बॅटरी दाबून परत पेटीत बसवणारे महाभाग बघितलेत मी. नवीन टाकलीत की तिच्यावर मार्करने महिना-वर्ष लिहा.

पॅनल कुठे लावलंय तेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेली कितीतरी पॅनल गेली. पाण्यात बुडालेलं पॅनल वाळलंय म्हणून चालू करायचं नाही, ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी तर सरळ टाकायची. आता मी छातीच्या वरच लावतो.

रेझिस्टरवाली युक्ती

हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

वायरवाल्या पॅनलमध्ये प्रत्येक झोनच्या वायरीच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या आत, एक छोटा रेझिस्टर असतो. पॅनल त्या वायरीत सतत थोडा करंट सोडून बघत असतं की तो रेझिस्टर दिसतोय का. दिसला म्हणजे सगळं बंद आहे, शांत. दरवाजा उघडला की सर्किट तुटतं, रेझिस्टर दिसत नाही, झोन ओपन. कुणी वायर कापून दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या तर शून्य दिसतं आणि तेही पॅनलला खटकतं. आता हा रेझिस्टर कितीचा ते कंपनीवर आहे, डीएससीला ५.६ के (के म्हणजे हजार ओहम), म्हणजे हिरवा-निळा-लाल पट्टे, हनीवेलच्या व्हिस्टा पॅनलला २ के, लाल-काळा-लाल, पॅराडॉक्सला १ के, तपकिरी-काळा-लाल. दुसऱ्या कंपनीचा टाकला तर झोन कायम ओपन दाखवतो आणि माणूस दिवसभर वायर तपासत बसतो. मी बसलोय.

तर समजा झोन ३ सारखा ओपन दाखवतोय. मेन आणि बॅटरी काढा, पॅनलमध्ये झोन ३ च्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून सोडवा, त्यांच्या जागी तोच आकड्याचा सुटा रेझिस्टर लावा, चालू करा. झोन शांत झाला? मग पॅनल निर्दोष, आजार बाहेर आहे. रेझिस्टर लावूनही ओपनच? मग ते टर्मिनल किंवा कार्ड, आणि त्यावर उपाय असा की एखादा रिकामा झोन असेल तर वायर तिकडे सरकवा आणि प्रोग्रॅमिंगमध्ये तो चालू करा, लगेच पॅनल बदलू नका. दहा मिनिटांच्या या कामात भांडण कोणाशी आहे ते ठरतं.

आजार बाहेर आहे हे कळल्यावर त्या सुट्या केलेल्या वायरींवर मीटर ओहमवर ठेवून लावा, दरवाजा-शटर सगळं बंद असताना. वायर पॅनलला जोडलेली असताना ओहम मोजायचं नाही, आकडा खोटा येतो. ५.६ केच्या लूपवर ५.६ च्या आसपास आलं तर उत्तम. काहीच आलं नाही तर कुठेतरी तुटलंय किंवा सेन्सर उघडा आहे. शून्य आलं तर दोन वायरी कुठेतरी चिकटल्यात, खिळा किंवा केसिंगचा स्क्रू मारताना हे हमखास होतं. ७-८ के आलं तर एखादा जॉइंट गंजलाय. आणि ४ च्या आसपास आलं, पावसाळ्यात, तर जॉइंटमध्ये ओल आहे: ओल म्हणजे रेझिस्टरच्या जोडीला लावलेला दुसरा रेझिस्टरच, समजा २० केची गळती असेल तर ५.६ चे ४.४ दिसतात. हे असे झोन दुपारी ऊन पडलं की आपोआप बरे होतात आणि रात्री पाऊस आला की परत वाजतात, आणि घरात भुताची चर्चा सुरू होते. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जॉइंट सापडेपर्यंत शोधा, कापा, सोल्डर करा, हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

लांबलचक वायर असेल तर मधल्या जॉइंटला तोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, मग ज्या बाजूला बिघाड आहे तिचे पुन्हा दोन भाग करा, तीन-चार वेळात जागा हातात येते. एका टोकापासून सुरू करून भिंत सोलत जाऊ नका.

काही इन्स्टॉलर शॉर्टकट मारतात, रेझिस्टर सेन्सरमध्ये न टाकता पॅनलच्या पेटीतच टाकून मोकळे होतात. पेटी उघडल्यावर झोनच्या टर्मिनलवर रंगीत पट्ट्यांच्या टिकल्या दिसल्या तर समजा तुमच्याकडे तसंच झालंय. मग बाहेर वायर शॉर्ट झाली तरी पॅनलला रेझिस्टर दिसतच राहतो, दरवाजा उघडला तरी गप्प. सेन्सर चुकीचा वाजत नाही म्हणून मालक खूश असतो.

आता एकेक सेन्सर

दरवाजाचं मॅग्नेट: आत काचेच्या नळीत पत्तीचा स्विच असतो, तो कधी कधी चिकटून बसतो. सुटं मॅग्नेट जवळ-लांब करून मीटरवर बीप येते-जाते का बघा. साध्या मॅग्नेटला दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, लोखंडी दरवाजावर त्याहून कमी, आणि पावसाळ्यात लाकडी दरवाजा फुगून फट बदलते. शटरला घरच्या दरवाजाचं मॅग्नेट लावू नका, शटरवालं जाड धातूचं वेगळं मिळतं तेच लावा.

पीआयआर: याला माणूस दिसत नाही, हलणारी उष्णता दिसते. म्हणून समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. लाईट दिल्यावर मिनिटभर थांबायचं, तो गरम होत असतो, आणि मग आडवं चालून त्याचा लाल दिवा लागतो का बघायचं. उगाच वाजत असेल तर आधी लेन्सवर कोळ्याचं जाळं, पाल, समोर एसीची हवा, पडदा, खिडकीतून येणारं ऊन, देवघरातला दिवा हे सगळं बघा. एका घरी, कारेलीबागेत, रोज सकाळी सव्वासातला वाजायचा, पूर्वेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्याच्या तोंडावर. सेन्सर दोन फूट सरकवला, झालं. आत पल्स काउंटचा एक जंपर असतो, तो १ वरून २ वर केला की लहानसहान हालचालीला दम धरतो. आणि उलटी तक्रार, मे महिन्यात दुपारी वाजतच नाही: बंद दुकानात हवाच सदतीस डिग्रीच्या आसपास गेली की माणसाच्या अंगाचा आणि भिंतीचा फरक उरत नाही, सेन्सर आंधळा होतो. चांगल्या पीआयआरमध्ये याची भरपाई असते, स्वस्तात नसते. म्हणून टेस्टिंग उन्हाळ्यातसुद्धा एकदा करा.

पीआयआर रात्री-अपरात्री एकदम दोन-तीन मिळून वाजत असतील तर सेन्सर सोडा, त्यांच्यापर्यंत पोचणारे व्होल्ट मोजा, सेन्सरच्या टर्मिनलवर. बहुतेकांना ९ च्या खाली चालत नाही.

वायरलेस: आधी बॅटरी. त्यातली बारकी २३ए नावाची १२ व्होल्टची असते किंवा सीआर१२३ए ३ व्होल्टची, रिमोटच्या पेन्सिल सेलसारखं कुठलंही चालत नाही. बॅटरी बदलून नाही झालं तर सेन्सर पॅनलच्या शेजारी आणून दाबा. इथे चालतो आणि तिथे नाही म्हणजे मध्ये लोखंडी शटर, तिजोरी नाहीतर स्लॅब आहे. इथेही नाही तर पॅनलमधून डिलीट करून परत लर्न करा, म्हणजे पॅनलला त्याची नव्याने ओळख करून द्या.

हूटर, कीपॅड, सिम

हूटर वाजत नाही तर अलार्म देऊन त्याच्या वायरीवर व्होल्ट बघा. पॅनलवर १२ आहेत आणि हूटरवर ८, तर वायर बारीक आहे. कॅमेऱ्याच्या कामातली उरलेली कॅट फाईव्ह हूटरला वापरायची फॅशन आहे, तिच्या एका तारेचा मीटरला साधारण ०.०८४ ओहम, तीस मीटर लांब हूटर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, पाच ओहम, आणि हूटर एक अँपिअर ओढत असेल तर पाच व्होल्ट रस्त्यातच संपले. जाड वायर टाका, किंवा निदान चार-चार तारा एकत्र पिळा.

स्वतःची बॅटरी असलेला बाहेरचा हूटर मात्र उलटा वागतो, त्याची वायर तुटली की तो वाजतो, चोराने वायर कापली तरी वाजावा म्हणूनच तसा बनवलाय. उत्तरायणला अगाशीवर (गच्चीवर) गर्दी, कुणाचा तरी मांजा त्या वायरीत अडकतो, खेचाखेचीत वायर निघते, आणि १४ जानेवारीला भर दुपारी "काप्यो"च्या आरोळ्यांमध्ये हूटर सुरू. पॅनलवर कितीही कोड मारा, तो ऐकत नाही, त्याच्याच पेटीत चावीने किंवा बॅटरी काढून बंद करायला लागतो. पॅनलची पॉवर काढतानाही हेच होईल, आधी तयारी ठेवा. वायर पाईपमधून न्या.

कीपॅड मेला असेल तर भिंतीवरून काढा आणि फूटभर नवीन वायरने थेट पॅनलला जोडून बघा. जिवंत झाला तर भिंतीतली वायर, नाही झाला तर कीपॅड. दोन कीपॅड असतील तर दोघांचा पत्ता एकच ठेवलेला नाही ना तेही बघा.

फोन येत नाही ही तक्रार आजकाल सगळ्यात जास्त, आणि कारण सगळ्यात साधं: पॅनलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला. ते सिम कुणी वापरत नाही म्हणून कुणाला आठवत नाही. स्वतःच्या मोबाईलवरून पॅनलच्या नंबरला फोन लावा, काय ऐकू येतं ते सगळं सांगतं. दुसरं, पॅनलमधलं मॉड्यूल २जीवालं असेल आणि तुम्ही जिओचं सिम टाकलंत तर ते कधीच चालणार नाही, जिओकडे २जी नाहीच. सिमला पिन लॉक असेल तर मोबाईलमध्ये घालून काढून टाका. अँटेना लोखंडी पेटीच्या आत दुमडलेला असेल तर बाहेर काढा. आणि ज्यांच्याकडे जुनी तांब्याची टेलिफोन लाईन होती आणि फायबर आलं, त्यांच्या पॅनलवर पिवळा दिवा जन्मभर राहणार, प्रोग्रॅमिंगमध्ये लाईनची तपासणी बंद करून घ्या, नाहीतर त्या एका दिव्याची सवय होते आणि खरी बॅटरी गेली तरी कुणी बघत नाही.

फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी, तेही सगळे झोन, नंबर, वेळा लिहून घेतल्यावर, कारण नंतर ते परत भरायला तुम्हीच आहात. आणि रिसेटनंतर कंपनीचा मूळ कोड तसाच ठेवू नका, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

शेवटचं काम एक कागद, पॅनलच्या झाकणाच्या आत चिकटवायचा: कुठला झोन कुठला, रेझिस्टर कितीचा, बॅटरी कधी टाकली, सिमचा नंबर आणि रिचार्जची तारीख. मांडवीच्या काकांनी चिकटवलाय. त्यात खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातलीय: "शटरचा सेन्सर, घटस्थापनेला अर्धा फेरा डावीकडे, दसऱ्याला परत उजवीकडे."